मागचं दार

डग्लसच्या टायवर छोटी छोटी बदकं होती.
"हिला अकरा डोळे आहेत," तो म्हणाला,
"पाच कॅमेरे, पाच रडार,
आणि स्टिअरिंगमागे हा एक,
हा फक्त तुमच्याकडे बघतो, मॅडम."
मी खांद्यावर नसलेला पदर सारखा केला.

विद्याधर कागद वाचत होता.
"एअरबॅगा दहा. आपण माणसं तीन."
डग्लसला मराठी कळत नाही, तरी तो हसला.
जुनी सेडान फेब्रुवारीत
वेस्ट मेनच्या उतारावर बर्फात फिरत फिरत
कुणाच्या तरी टपालपेटीला जाऊन भिडली होती,
तेव्हापासून मला आकड्यांचं काही वाटत नव्हतं.
घेतली.

लेन सुटली की ती हातात थरथरते,
ओल्या मांजरानं अंग झटकावं तशी.
विद्याधर तिच्याशी भांडतो.
"मला कळतंय, मला कळतंय," म्हणतो,
आणि परत रेघेवर जातो.

रात्री उशिरा दवाखान्यातून परतताना
काचेखाली कॉफीचा कप उमटतो:
दमलात का? जरा थांबा.
मी घरी सांगितलं, गाडीनं विचारलं.
त्यावर कुणी काही बोललं नाही,
पण दुसऱ्या दिवशी चहा आयता मिळाला.

एकदा ड्रेक रोडवर रानटर्की आडवी आली.
ब्रेक लागला.
मग माझा पाय ब्रेकवर पोचला.
मग मी पोचले.
टर्की तोऱ्यात निघून गेली,
मागे तिची चार पिल्लं, एकेक करून,
आणि कॅलमझूची सगळी संध्याकाळ
आमच्यामागे हॉर्न न वाजवता उभी.

ऑगस्टमध्ये ओजसला हॉटनला सोडायला निघालो.
साडेआठ तास, वर, अगदी वर,
जिथं मिशिगन संपायचं विसरतं.
तांदळाची पिशवी त्याच्या शेजारी ठेवली
तर ती टिंगटिंग करायला लागली:
मागच्या प्रवाशाचा बेल्ट.
वीस पौंड म्हणजे तिच्या लेखी एक मूल.
ओजसनं पिशवीला पट्टा लावला.
"आई, हा माझा धाकटा भाऊ. जरा अबोल आहे."
मॅकिनॉ पुलावर वारा बाजूनं ढकलत होता,
खाली लोखंडी जाळी घुमत होती,
आणि ती तिघांना, नव्हे चौघांना,
रेघांच्या मधोमध घेऊन चालली होती.

वसतिगृहाच्या आवारातून रिव्हर्स घेतला.
पडद्यावर ओजस.
हिरव्या रेघेपाशी, मग पिवळ्या,
हातात कुकर, पायात मोजे नाहीत.
तिनं त्याच्याभोवती चौकोन काढला
आणि थांबली.
माणूस आहे, एवढं तिला कळतं.
मी गिअर पुढे टाकला
तर पडद्यावर नकाशा आला.

घरी गॅरेजमध्ये इंजिन बंद केलं.
मागची सीट पाहा, ती म्हणाली.
रात्रीचे दोन वाजले होते, विद्याधर कधीच आत गेला होता.
मी वळून पाहिलं.
पिशवी काढताना घाईत
आम्ही पट्टा सोडवलाच नव्हता, वरून ओढून घेतली होती.
रिकाम्या जागेवर तो तसाच, घट्ट,
काळा, तिरपा.

डग्लसनं सांगितलं होतं यामागचं गणित:
निघण्याआधी मागचं दार उघडलं असेल
तरच ती शेवटी आठवण करते.
आत कोण आहे ते तिला दिसत नाही.
तिला फक्त दार माहीत.

सोमवारी दवाखान्यात पोचले, बंद केली.
काही नाही. मंगळवारीही नाही.

आता बुधवार आहे. बाहेर धुकं.
डबा पुढच्या सीटवर, पर्स पुढच्या सीटवर.
विद्याधर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतोय
मी काय करतेय ते:
मागचं दार उघडते,
कशालाच हात लावत नाही,
आणि लावून घेते.